शेवटचे तीन मीटर आणि पाठीचा कणा

छोटे विमान धावपट्टीच्या तोंडाशी आले आहे. आकाश स्वच्छ, वारा बेताचा. चाके जमिनीपासून तीनेक मीटरवर आहेत आणि वैमानिक विमानाचे नाक हळूहळू वर घेतो आहे. एवढ्यात हातातून सुटावे तसे विमान खाली बसते. चाकांचे पाय फाकतात, पोट धावपट्टीला घासते, प्रोपेलरची पाती वाकतात. आग लागत नाही, विमान उलटतही नाही. आतला माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. पण त्याला उठून उभे राहता येत नाही. चौकशी अहवालात या सगळ्याची नोंद दोन शब्दांत होते : ‘हार्ड लँडिंग’, म्हणजे आदळून उतरणे.

अशा अपघातांची मोठी बातमी होत नाही. माणूस वाचला, विमान दुरुस्त होईल, विषय संपला, असे मानले जाते. घरी किंवा गॅरेजमध्ये हौसेने बांधलेल्या हलक्या विमानांबाबत तर ‘हौसेला मोल नसते’ एवढे म्हणून लोक पुढे जातात. पण हा विषय आता नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने, म्हणजे ‘एफएए’ने, २२ जुलै २०२५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे हलक्या विमानांसाठीची नवी नियमावली जाहीर केली. ‘मोझेक’ या नावाने ती ओळखली जाते. तिचा वैमानिकांविषयीचा भाग २२ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. विमानांच्या निर्मितीविषयीच्या भागासाठी जुलै २०२६ची मुदत ठरली. या नियमांमुळे कमी प्रशिक्षणाच्या परवान्यावर पूर्वीपेक्षा जास्त वेगाची आणि जास्त वजनाची विमाने उडवता येतात. हौशी बांधणीची बरीच विमाने त्यात मोडतात.

नियमावलीचा गाभा एका आकड्यात आहे आणि तो आकडा विमान उतरतानाचा आहे. म्हणूनच आदळून उतरण्यामागचे विज्ञान समजले, की नियमाने काय साधले आणि काय राहून गेले हे दोन्ही स्पष्ट होते.

हौशी बांधणी म्हणजे काय?

अमेरिकेत ‘हौशी बांधणीचे विमान’ ही कायद्याने मान्य असलेली वर्गवारी आहे. विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम शिकण्यासाठी किंवा हौसेखातर, स्वतःच्या हाताने केलेले असले पाहिजे, ही त्यातली मुख्य अट. सुट्या भागांचा संच विकत घेऊन तो जोडला तरी चालते, मात्र निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाचेच हवे. कारखान्यातील विमानाला ज्या चाचण्यांतून जावे लागते त्या या विमानाला बंधनकारक नसतात. त्याऐवजी सरकारी तपासणीनंतर ठरावीक भागात साधारण २५ ते ४० तास चाचणी उड्डाणे करावी लागतात आणि त्या काळात प्रवासी नेता येत नाही. प्रवाशाला दिसेल अशा ठिकाणी ‘प्रायोगिक’ हा शब्द रंगवावा लागतो. हे विमान सरकारी मानकांनुसार तपासलेले नाही, याची लेखी सूचनाही आत लावलेली असते.

महाराष्ट्राला ही हौस अपरिचित नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली आणि २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला. भारतात अशी उदाहरणे मोजकी आहेत. अमेरिकेत मात्र हा छंद मोठ्या प्रमाणावर रुजला आहे. ऑशकॉशला दर उन्हाळ्यात भरणारा मेळा प्रामुख्याने याच मंडळींच्या संघटनेचा आहे. ही संघटना १९५३ साली स्थापन झाली.

या छंदाची मुळे थेट पहिल्या विमानापर्यंत जातात. राइट बंधू हे सायकलचे दुकान चालवणारे हौशी बांधकाम करणारेच होते. १४ डिसेंबर १९०३ रोजी किल डेव्हिल हिल्स येथे विल्बर राइट यांनी इंजिनाच्या विमानाचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी नाक गरजेपेक्षा जास्त वर उचलले. विमानाचा वेग पडला आणि साडेतीन सेकंदांत ते वाळूत आदळले. दुरुस्ती करून १७ डिसेंबरला पुन्हा प्रयत्न झाला. त्या दिवशीचे शेवटचे उड्डाण ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे होते. तेही उतरताना आदळले आणि पुढच्या सुकाणूचा आधार मोडला. म्हणजे विमानाचा इतिहास सुरू झाला तोच आदळून उतरण्यापासून.

या दोन्ही वेळा दोघा भावांना इजा झाली नाही. खाली वाळू होती, चाकांऐवजी लाकडी घसरपट्ट्या होत्या आणि वेग कमी होता. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. चालवणारा खालच्या पंखावर पालथा झोपलेला असे. त्यामुळे खालून आलेला धक्का छातीकडून पाठीकडे गेला, कण्याच्या लांबीतून गेला नाही. पुढे विमानात बसायला आसन आले आणि माणसाचा कणा धक्क्याच्या थेट रेषेत उभा राहिला.

विमान खाली बसते का?

विमानाचा पंख हवेला कापत जातो तेव्हा त्याला वरच्या दिशेने उचल मिळते. वेग कमी झाला तर तीच उचल टिकवण्यासाठी पंख हवेच्या दिशेशी अधिक तिरपा धरावा लागतो. पण या तिरपेपणाला मर्यादा आहे. साधारण पंधरा अंशांच्या आसपास हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहणे सोडते आणि उचल एकाएकी घटते. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. इंजिन बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. सरळ उड्डाणात ज्या वेगाखाली हे घडते, तो त्या विमानाचा स्टॉलचा वेग.

उतरताना वैमानिक मुद्दामच या वेगाच्या जवळ जातो. हलके विमान धावपट्टीकडे येताना साधारण सेकंदाला अडीच मीटर या गतीने खाली येत असते. जमिनीपासून काही मीटरवर नाक वर घेऊन ही गती मीटरभराच्या आत आणायची आणि चाके टेकताना वेग जवळपास संपलेला असेल असे पाहायचे, ही उतरण्याची कला आहे. नाक लवकर वर घेतले तर विमान उंचावरच स्टॉल होऊन पडते, उशिरा घेतले तर आहे त्या गतीने जमिनीवर आपटते. पंख जमिनीच्या अगदी जवळ आला, की त्याखालच्या हवेमुळे विमान तरंगल्यासारखे वाटते. त्या भ्रमात नाक आणखी वर ओढले जाते. एकदा आपटून विमान उसळले, की घाबरून नाक खाली-वर करण्याची चूक होते आणि दुसरा-तिसरा आपटा पहिल्यापेक्षा जोराचा बसतो.

हौशी बांधणीच्या विमानात यात आणखी भर पडते. वेगासाठी पंख आखूड ठेवलेले असतील, तर ताकद कमी करताच विमान झपाट्याने खाली जाते. वेग दाखवणारे यंत्र नवे असते आणि त्याचा आकडा प्रत्यक्षाशी जुळतो की नाही, हे चाचणीतच कळते. एकाच आराखड्यावरून बांधलेली दोन विमानेही वजनाने आणि वजनाच्या विभागणीने थोडी वेगळी निघतात. कारखान्याच्या विमानाबरोबर येणारी माहितीपुस्तिका इथे बांधणाऱ्यालाच उड्डाण करून लिहावी लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली या विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात हौशी बांधणीच्या विमानांचा वाटा जवळपास १० टक्के होता. पण २०११ मधील अशा सर्व अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. घरी बांधलेला पंख मोडतो, सांधे निखळतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. अभ्यासात तसे आढळले नाही. सांगाडा मोडल्याने झालेले अपघात थोडे होते. इंजिन आणि इंधनव्यवस्थेतील बिघाड आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणे, ही दोन कारणे सगळ्यांत पुढे होती.

त्याच अभ्यासातील दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. २०११ मध्ये अपघात झालेल्या २२४ विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने चालवणाऱ्या मालकाने बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती. त्यातले १४ अपघात नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात झाले. वैमानिकांचा एकूण अनुभव कमी नव्हता, पण त्या विशिष्ट विमानाचा अनुभव तुटपुंजा होता. गायक जॉन डेन्व्हर यांचा ऑक्टोबर १९९७ मधील अपघाती मृत्यू हे याचे ठळक उदाहरण. तो आदळून उतरण्याचा अपघात नव्हता, पण मूळ दुखणे तेच होते. त्यांच्यापाशी हजारो तासांचा अनुभव होता; हे विमान मात्र दुसऱ्याने बांधलेले आणि नुकतेच घेतलेले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्यातील जागी नव्हती, ती डाव्या खांद्यामागे बसवलेली होती. ती फिरवण्यासाठी मागे वळताना विमानावरचा ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

उंची भागिले थांबण्याचे अंतर

विमान पडल्यावर माणसाचे काय होईल, हे ठरवणारे गणित शाळकरी आहे. कोणतीही वस्तू किती उंचीवरून पडली या आकड्याला, ती किती अंतरात थांबली या आकड्याने भागायचे. उत्तर येते ते गुरुत्वाच्या किती पट धक्का बसला याचे. तीन मीटरवरून पडलेली वस्तू पाच सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या ६० पट. तीच वस्तू तीस सेंटिमीटरमध्ये थांबली, तर १० पट. वैमानिकांच्या भाषेत ६० ‘जी’ आणि १० ‘जी’. पडणारे विमान तेच, उंची तीच. पण पहिल्या प्रसंगात कणा चिरडतो आणि दुसऱ्यात माणूस चालत बाहेर येऊ शकतो. प्रत्यक्षात स्टॉल झालेला पंखही थोडा आधार देत राहतो, त्यामुळे पडण्याचा वेग मोकळ्या पडण्यापेक्षा कमी असतो. तरी हिशेबाची रीत बदलत नाही.

हे तत्त्व वैद्यकशास्त्रात आणले ते ह्यू डी हेवन यांनी. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे प्रशिक्षण घेताना ते हवेतील टकरीतून वाचले होते. आपण वाचलो तो केवळ नशिबाचा भाग आहे का, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. ५० ते १५० फुटांवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. भुसभुशीत माती किंवा वाकणारे छप्पर यांनी दिलेल्या काही इंचांच्या अंतरात ही माणसे वाचली होती. मोटारीचा पट्टा आणि चुरगळणारा पुढचा भाग ही पुढे याच विचाराला आलेली फळे.

हलक्या विमानात ही इंच-सेंटिमीटरची शिल्लक कुठे असते? पहिली चाकांच्या पायांत. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांच्या पारंपरिक मानकांनुसार चाकांच्या पायांनी सेकंदाला साधारण दोन ते तीन मीटर गतीचा आपटा सोसला पाहिजे. मोकळ्या पडण्याच्या हिशेबात ही उंची जेमतेम २३ ते ४७ सेंटिमीटर होते, म्हणजे फार तर खुर्चीच्या बैठकीइतकी. तीन मीटरवरून पडण्याची गती सेकंदाला जवळपास पावणेआठ मीटर असते. तिथे चाकांचे पाय हार मानतात आणि उरलेला धक्का विमानाच्या तळाकडून आसनाकडे आणि आसनाकडून माणसाच्या बैठकीकडे जातो.

कणा कुठे मोडतो?

पाठीच्या कण्यात छातीच्या पिंजऱ्याला जोडलेला वरचा भाग ताठ असतो आणि कमरेचा भाग लवचीक असतो. हे दोन भाग जिथे मिळतात, तिथे बाराव्या छातीच्या आणि पहिल्या कमरेच्या मणक्यावर खालून आलेल्या धक्क्याचा सगळा ताण एकवटतो. हलका धक्का असेल तर मणक्याचा पुढचा भाग दबून तो पाचरीसारखा होतो. जोराचा असेल तर मणका चहूबाजूंनी फुटतो आणि त्याचा तुकडा मागच्या पोकळीत सरकतो. त्या पोकळीत मज्जारज्जू असतो आणि तो साधारण पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशीच संपतो. पाय हलवणे, लघवी आणि शौचावरचे नियंत्रण, लैंगिक संवेदना यांच्या नसा इथूनच निघतात. त्यामुळे इथला एक सेंटिमीटरचा तुकडा आयुष्यभराचे परावलंबित्व देऊ शकतो.

शरीर किती सोसते, हे धक्क्याच्या दिशेवर अवलंबून असते. १९५९ साली नासाच्या एका अहवालात त्याआधीच्या प्रयोगांतील निष्कर्ष एकत्र करण्यात आले. खांद्याच्या पट्ट्यांनी नीट बांधलेला माणूस समोरून येणारा ४० ‘जी’च्या आसपासचा धक्का अगदी थोड्या वेळासाठी सहन करू शकतो. कण्याच्या रेषेत खालून वर येणारा धक्का मात्र १५ ते २० ‘जी’च्या पुढे गेला की धोका सुरू होतो. पुढे वाकून बसलेल्या माणसाची मर्यादा त्याहूनही कमी. लढाऊ विमानातून आसनासह बाहेर फेकल्या जाणाऱ्या तरुण, धडधाकट वैमानिकांनाही मणक्याचे अस्थिभंग होतात, ते याच दिशेमुळे.

यासाठी विमानातच बसले पाहिजे असे नाही. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेला प्रवासी गतिरोधकावर उसळून पुन्हा बाकावर आपटतो, तेव्हा धक्का याच दिशेने जातो. मागच्या चाकांच्याही मागे असलेला बसचा भाग जास्त उसळतो. बसच्या मागच्या आसनांवरील प्रवाशांच्या अशा अस्थिभंगांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून, बांधकामाच्या परातीवरून पडलेल्या आणि पायांवर किंवा बैठकीवर आदळलेल्या रुग्णांतही याच दोन मणक्यांची इजा वारंवार दिसते. कामशेत आणि पाचगणीच्या डोंगरांवरून पॅराग्लायडिंग करणाऱ्यांच्या पट्ट्यामागे फोमची किंवा हवेची जाड गादी बांधलेली असते, ती याच मणक्यांसाठी.

वयाचाही प्रश्न आहे. घरी विमान बांधायला पैसा आणि मोकळी वर्षे लागतात, त्यामुळे ही हौस अनेकदा उतारवयात पुरी होते. पन्नाशीनंतर हाडांची घनता घटत जाते आणि मणका कमी ताकदीने दबतो. तिशीतला माणूस ज्या आपट्यातून पाठ चोळत उठेल, त्यातच साठीतल्या माणसाचा मणका फुटू शकतो.

गादीचा फसवा मऊपणा

दुसरी शिल्लक असते आसनात आणि इथेच हौशी बांधणीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मऊ गादी पाठीला सुखाची वाटते म्हणून ती सुरक्षितही असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. विमानाचा तळ जमिनीवर आदळून थांबतो, पण मऊ स्पंजमध्ये माणूस खाली जातच राहतो. स्पंज पूर्ण दबला, की थांबलेल्या कठीण तळावर तो पूर्ण वेगाने आपटतो आणि मूळ धक्क्यापेक्षा मोठा धक्का त्याच्या कण्याला बसतो. ग्लायडर उडवणाऱ्यांमध्ये मणक्याच्या इजा वारंवार दिसू लागल्या, तेव्हा ब्रिटनमध्ये यावर प्रयोग झाले. हाताने हळू दाबले तर दबणारा, पण झटक्याने दाबले तर घट्ट होऊन धक्का जिरवणारा फोम तिथून रुळला. साध्या स्पंजपेक्षा तो महाग असला, तरी विमानाच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ ठरते.

कारखान्याच्या विमानांसाठी अमेरिकेने १९८८ साली आसनांची कडक चाचणी आणली. पुतळा बसवलेले आसन सेकंदाला सुमारे साडेनऊ मीटर वेगावरून, १९ ‘जी’पर्यंतच्या धक्क्याने थांबवायचे आणि पुतळ्याच्या कमरेवरचा भार १५०० पौंडांच्या, म्हणजे ६८० किलोंच्या पुढे जाता कामा नये, असा तो नियम. तो पाळण्यासाठी दबत जाणारी, खाली सरकत धक्का खाणारी आसने आली. लष्करी हेलिकॉप्टरमध्येही अशी आसने वापरली जातात.

अशा आसनांचा उपयोग किती, याचा पुरावा ‘सिरस’ कंपनीच्या विमानांत मिळतो. संकटात अख्खे विमानच पॅराशूटने खाली आणण्याची सोय त्यांत आहे. पॅराशूट उघडल्यावरही विमान सेकंदाला साडेआठ मीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे जवळपास चार मीटरवरून पडल्यासारखे जमिनीवर येते. चाकांचे पाय फाकत धक्का खातात, आसनाखालचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा ॲल्युमिनियमचा थर चुरगळतो आणि बरेच प्रवासी स्वतःच्या पायांनी बाहेर पडतात. याच कंपनीचे पहिले विमान हौशी मंडळींसाठीचा सुट्या भागांचा संच होता. कारखान्याच्या विमानाकडे जाताना कंपनीला ही आसनाची चाचणी पार करावी लागली. हौशी विमानाला ती आजही बंधनकारक नाही.

नवा नियम काय सांगतो?

आता ‘मोझेक’कडे वळले, तर त्यातला विचार समजतो. आधीच्या नियमात हलक्या विमानाची व्याख्या मुख्यतः वजनावर होती : १३२० पौंड, म्हणजे साधारण ६०० किलो. वजन कमी ठेवायचे म्हणून उत्पादक सांगाडा बारीक करत आणि इंधन-सामानाला जागा कमी ठेवत. नव्या नियमाने वजनाची अट काढून स्टॉलच्या वेगाची मर्यादा मुख्य ठरवली. कारखान्यात बनणाऱ्या हलक्या विमानासाठी ती ६१ नॉट, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. ‘स्पोर्ट’ परवान्याच्या वैमानिकाला चालवता येणाऱ्या विमानासाठी ५९ नॉट, म्हणजे ताशी १०९ किलोमीटर. पूर्वी ही मर्यादा ४५ नॉट, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर होती.

वजनापेक्षा स्टॉलच्या वेगाला महत्त्व देणे शास्त्राला धरून आहे. जमिनीला टेकताना विमानात किती ऊर्जा आहे, हे मुख्यतः वेगावर ठरते. वजनाची मोकळीक मिळाल्याने मजबूत सांगाडा, चांगली आसने आणि पॅराशूट बसवायलाही वाव मिळतो. एवढ्यापुरते नियमाचे स्वागत करायला हवे.

पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५ नॉटच्या जागी ६१ नॉट हा आकडा तिसऱ्या हिश्शाने मोठा दिसतो. किलोमागे ऊर्जा मात्र ८४ टक्क्यांनी वाढते. ‘स्पोर्ट’ परवान्याला किमान २० तासांचे प्रशिक्षण लागते, तर नेहमीच्या खासगी परवान्याला किमान ४०. दिवसाच्या उड्डाणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटार चालवण्याचा परवाना चालतो. काही नव्या प्रकारच्या विमानांसाठी प्रशिक्षकाची वेगळी शिफारस लागते आणि चार आसनी विमानातही एकच प्रवासी नेता येतो, ही त्यातली बंधने. तरीही जास्त वेगाने उतरणारे विमान आणि कमी तासांचा वैमानिक ही जोडी आता कायदेशीर झाली आहे, हे विसरून चालणार नाही.

२०१२ च्या अभ्यासाने दुखणे नेमके दाखवले होते : माणूस नवा नाही, विमान नवे नाही, पण दोघांची जोडी नवी आहे. त्यानंतर २०१४ साली एफएएने चाचणी उड्डाणात दुसऱ्या अनुभवी वैमानिकाला बरोबर बसण्याची मुभा दिली. हे पाऊल योग्य दिशेचे होते, पण ते ऐच्छिक आहे. वापरलेले हौशी विमान घेणाऱ्याने त्याच प्रकारच्या विमानावर जाणकार प्रशिक्षकाबरोबर काही तास काढावेत, ही अपेक्षाही सल्ल्याच्या रूपातच राहिली. आसनाबाबत तर सल्ल्यापलीकडे काहीच नाही.

हौशी बांधणीवर कारखान्याच्या सगळ्या चाचण्या लादल्या, तर तो छंदच संपेल. तसे करण्याची गरजही नाही. धक्का जिरवणारा फोम, खांद्यांवरून जाणारे पट्टे, आसनाखाली दबण्यासाठी राखलेले पंधरा-वीस सेंटिमीटर, या गोष्टी बांधणीच्या वेळी फार खर्च न वाढवता करता येतात. विमान पूर्ण झाल्यावर मात्र तीच जागा मिळत नाही. सरकारी तपासनीस पंखाचे सांधे आणि इंधनाच्या नळ्या पाहतो, तसे आसनाखाली काय आहे हे पाहून नोंदवले, तरी पुष्कळ फरक पडेल.

वैमानिकाच्या हातातला उपाय तर फुकट आहे. विमान उसळले, तिरके आले किंवा उंचावर तरंगू लागले, की ताकद वाढवून पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून यायचे. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. हे वेळेवर करायला हवे. स्टॉल झाल्यावर तेवढी उंचीच उरत नाही. धावपट्टी समोर दिसत असताना परत वर जाणे कमीपणाचे वाटते, विशेषतः काठाशी मित्रमंडळी मोबाइल घेऊन उभी असतील तर. पण तो निर्णय घेण्याचा सराव प्रशिक्षणातच व्हायला हवा.

अपघातानंतरची पहिली दहा मिनिटे

अपघात झालाच, तर मदतीला धावणाऱ्यांच्या हातून नकळत होणारे नुकसान टाळता येते. हे विमानाइतकेच झाडावरून पडलेल्या किंवा पॅराग्लायडरसह आपटलेल्या माणसालाही लागू आहे. आग किंवा इंधनगळतीचा धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, बसवू नये, पाणी पाजण्यासाठी डोके उचलू नये. मान, पाठ आणि कंबर एका रेषेत राहतील असे त्याला स्थिर ठेवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवताना ‘उंचावरून आपटला आहे, पाठीला मार आहे’ हे स्पष्ट सांगावे. आगीचा धोका असेल तर मात्र आधी जीव. तेव्हा दोघा-तिघांनी शरीर न वाकवता बाहेर काढावे.

पायांना मुंग्या, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी न होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. त्यांत तासांचाही विलंब परवडत नाही. लक्षणे नसली तरी तपासणी टाळू नये. धक्क्याच्या भरात वेदना जाणवत नाही आणि माणूस ‘काही झाले नाही’ म्हणत चालू लागतो. ऑरव्हिल राइट १९०८ साली फोर्ट मायर येथील अपघातात गंभीर जखमी झाले. त्यांच्या मांडीचे आणि बरगड्यांचे अस्थिभंग तेव्हाच कळले. पण कमरेच्या हाडातील तीन भंग आणि निखळलेला सांधा क्ष-किरण तपासणीत सापडला तो बारा वर्षांनी, वेदना वाढत गेल्यावर. आज सीटी स्कॅनमध्ये फुटलेला मणका काही मिनिटांत दिसतो. तिथपर्यंत रुग्ण न वाकवता पोहोचला पाहिजे, एवढीच अट आहे.

घरी विमान बांधणारा माणूस पंखाचा प्रत्येक रिव्हेट पुन्हा पुन्हा तपासतो, इंजिनाच्या आवाजातला बारीक बदल ओळखतो. ज्या आसनावर बसून तो उडणार आहे, त्याच्याखाली किती सेंटिमीटर जागा आहे, हे मोजायला पाच मिनिटे लागतात. ते माप त्याने बांधणीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे.